आठाचे पाच

बुधवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी हंसा तामोरे लोखंडी खुर्ची ओढत होती. खुर्चीचे चारही पाय फरशीवर खडूने काढलेल्या फुल्यांवर बसले पाहिजेत, पाठ दाराकडे आणि तोंड खिडकीकडे, असा आदेश आहे. खिडकीतून औद्योगिक वसाहतीतल्या दोन चिमण्या दिसतात. संशोधनाला त्या चिमण्यांशी काही देणंघेणं नाही. हंसाचं तोंड मुलांना दिसू नये, एवढंच संशोधनाला हवं आहे.

कुंभवलीतली ही खोली पूर्वी बालवाडीची होती. भिंतीवरचा पोपट अजून तसाच आहे. गेली तीन वर्षं इथे अशी मुलं येतात, ज्यांचा पाय, पोट किंवा डोकं महिनोन्‌महिने दुखतं आणि ज्यांचे रिपोर्ट मात्र चांगले येतात. रिपोर्ट चांगला आला की घरात दोन पक्ष पडतात. एकाच्या मते पोर नाटकी असते, दुसऱ्याच्या मते तिला बाहेरचं काहीतरी लागलेलं असतं. डॉ. उन्नती सावे तिसरा पक्ष घेऊन आल्या. त्या मूळच्या केळव्याच्या, आता मुंबईत बालरोगतज्ज्ञ. त्यांचं म्हणणं, दुखणं खरं आहे. ते मोजायचं आणि कमी करायचं. कमी करायला व्यायाम, वेळेवर झोप, हळूहळू शाळेत परत जाणं. मोजायला एकच प्रश्न: शून्य ते दहा, आज किती दुखतंय? त्यांच्या पथकाच्या दोन खोल्या आहेत, एक मनोरला आणि एक इथे. आकडेवारी बघतो हर्षित, इंदूरचा. कुंभवलीत प्रश्न विचारायला हंसाला नेमलं.

हंसा घिवलीची, बारावी पास. त्याआधी कितीतरी वर्षं ती आईबरोबर बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसत होती. तिथे तिचा एक लौकिक होता. भाव सांगायच्या आधी ती गिऱ्हाइकाला हसवायची. हसलेलं गिऱ्हाईक घासाघीस करतं, पण भांडत नाही, आणि शेवटी दोघंही मधल्या आकड्यावर येऊन आपणच जिंकलो असं समजून घरी जातात. मांदेलीचे वाटे ती असेच संपवायची.

पथकात आल्यावर तिला दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. मुलांशी मोकळेपणाने बोला, त्यांना धाक वाटू देऊ नका, तुमच्या पद्धतीने विचारा, असं त्यात सांगितलं. हंसाने तिन्ही सूचना अक्षरशः पाळल्या. इतकं आज्ञाधारक माणूस पथकात दुसरं नव्हतं.

कुंभवलीचे आकडे देखणे येऊ लागले. मनोरची मुलं सात-आठवर अडकलेली, इथली पाच-चारवर. पुण्यातल्या एका परिषदेत पडद्यावर कुंभवलीचा आलेख उतरता दिसला आणि टाळ्या पडल्या. हंसाचा पुष्पगुच्छासकट फोटो निघाला. मग खोल्यांना पैसे देणाऱ्या समितीची बैठक झाली आणि त्या आलेखावरून सरळ निष्कर्ष निघाला: जिथे दुखणं कमी, तिथे खोली कशाला? दिवाळीनंतर कुंभवली बंद, सगळं काम मनोरला. हंसाने तिकडे पर्यवेक्षक म्हणून जायचं आणि आपली पद्धत तिथे प्रश्न विचारणाऱ्या मुलींना शिकवायची.

"चांगलं काम केलं म्हणून दुकान बंद करतात," तिची आई म्हणाली, "हे तुज्या डाक्टरांतच बघितलं."

हंसाला मनोरची धास्ती नव्हती. तिला काळजी होती जिवलीची. जिवली अकरा वर्षांची. तिचे आईबाप डोंगराकडच्या गावातली शेती भावांवर सोडून कुंभवलीत खोली घेऊन राहतात. बाप चिंधू कंपनीत रात्रपाळीला असतो आणि दर गुरुवारी पाळी सुटली की घरी न जाता मुलीला इथे आणतो. जिवलीचा उजवा गुडघा दीड वर्षापासून दुखतोय. सहा महिने ती शाळेत गेलीच नव्हती. आता व्यायाम करून आठवड्यातले तीन दिवस जाऊ लागली होती. मनोरला जायचं म्हणजे दोन गाड्या बदलायच्या आणि सबंध दिवस घालवायचा. चिंधूला ते जमणार नव्हतं. खोली बंद झाली की जिवली पुन्हा घरी बसणार, यात शंका नव्हती.

हंसाने हे डॉक्टरांना सांगून पाहिलं.

"मला कळतं हो, हंसाताई," डॉक्टर म्हणाल्या. "पण समितीला आकडा लागतो. आणि आकडा तुमच्याच मुलांचा कमी आहे."

पुढच्या गुरुवारी हर्षित मोबाईल घेऊन हजर झाला. मनोरच्या मुलींना दाखवायला हंसाच्या पद्धतीचं चित्रीकरण करायचं होतं. जिवली लंगडत आत आली. चिंधू नेहमीसारखा उंबऱ्यावर टेकला.

"या महाराणी," हंसा म्हणाली. "पालखी कुठं ठेवली?"

जिवली हसली.

"बोल, आज किती?"

"आठ."

"आठ? आठवाली पोर चालत येते व्हय? आठवालीला चार माणसं उचलून आणतात. नीट सांग."

"सात."

"सात मनोरवाल्यांचं असतं. आपण कुंभवलीवाले. पाच करू."

"साडेपाच," जिवली हसू दाबत म्हणाली.

"या यंत्रात साडे नाय. पाच. तुजं नाय, माजं नाय." आणि तिने टॅबवर पाच दाबले.

"आमच्या पोरीचा भाव," उंबऱ्यावरून चिंधू जांभई देत म्हणाला, "दर गुरुवारी पडतोच."

हर्षितने मोबाईल खाली केला. "ताई, ये आप हर बच्चे के साथ करती हैं?"

"सगळ्यांशी," हंसा म्हणाली. "पोरांकडनं कोण जास्त घेईल?"

"पहले दिन से?"

"पयल्या दिवसापासनं."

हर्षितने चित्रीकरण बंद केलं. मग बाहेर जाऊन त्याने डॉक्टरांना फोन लावला.

जिवली चटईवर पाय लांब करून व्यायामाला लागली होती. चिंधू मात्र अजून हंसाकडेच बघत होता.

"ताई, एक इचारू? पोरीचं नाटक नाय, दुखणं खरं हाय, असं पयलं तुमीच बोलले. सगळ्या चाळीला सांगितलं. मग दर वेळी तीन कमी का करता?"

हंसाने टॅबवरचा पाच पाहिला. बाजारात हा हिशोब तिला कुणी विचारला नव्हता.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांनी चित्रीकरण दोनदा पाहिलं. दुसऱ्या वेळी 'साडेपाच'ला त्यांना हसू आलं आणि ते त्यांनी खोकल्यात लपवलं. मग त्यांनी परिस्थिती मांडली. हे चित्रीकरण पुसून टाकलं, तर ठरल्याप्रमाणे होईल: खोली बंद, हंसा पर्यवेक्षक, आलेख परिषदेत होता तसाच सुंदर. हे समितीला कळवलं, तर कुंभवलीचे तीन वर्षांचे सगळे आकडे बाद होतील.

"म्हणजे पोरांचं दुखणं कमी झालंच नाय?"

"झालंही असेल. आपल्याला माहीत नाही. जिवली शाळेत जातेय, म्हणजे काहीतरी झालंय. पण किती, ते कळायच्या मधे तुम्ही आलात."

"आकडे बाद झाले तर खोलीचं काय?"

"बाद झाले तर इथे दुखणं कमी आहे असं म्हणता येणार नाही. पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल. खोली चालू ठेवावी लागेल."

"मग कळवा. माजं नाव घाला. हंसा तामोरे, भाव पाडते म्हणून."

"पर्यवेक्षकपद जाईल, हंसाताई. आणि परिषदेत मला उभं राहून चूक सांगावी लागेल."

"टाळ्या तुमी घेतल्यात, म्हणजे ते पण तुमीच सांगायचं," हंसा म्हणाली. "खोली किती दिवस चालंल?"

"वर्षभर तरी."

"दोन वर्षं."

"दीड," डॉक्टर म्हणाल्या, आणि आपण काय करतोय हे त्यांच्या लक्षात आलं. पण शब्द गेला होता. समितीकडे अठरा महिन्यांचा प्रस्ताव गेला आणि तो मंजूर झाला.

राहिला प्रश्न हंसाचा. तिला काढायचा विचार झाला, पण मुलं तिच्यासाठीच येतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग हर्षितने तिला कोरा चेहरा करायला शिकवलं. मोबाईलमध्ये बघून तिने आठवडाभर सराव केला. तो चेहरा बघून मुलं पूर्वीपेक्षा जास्त हसू लागली. शेवटी तिची खुर्ची फिरवण्यात आली. आता प्रश्न टॅबच वाचून दाखवतो, मूल स्वतः आकडा दाबतं, आणि ते दाबेपर्यंत हंसाने तोंडातून शब्द काढायचा नाही. गोष्टी, टोमणे, महाराणी वगैरे सगळं नंतर.

खुर्ची फिरल्यावर पहिल्या गुरुवारी जिवली टॅब मांडीवर घेऊन बसली. समोर हंसाची पाठ आणि अंबाडा.

"ताई, आठ हाय."

पाठ हलली नाही.

"साडेसात चालंल?"

खिडकीबाहेर एका चिमणीतून धूर निघत होता. हंसा तो बघत राहिली.

"बरं, सात घे," जिवली म्हणाली. मग जरा थांबून, थोड्या रागाने, "तू काय बोलतच नाय."

उंबऱ्यावरून चिंधू म्हणाला, "आज दुकान बंद हाय. जे हाय ते दाब."

जिवलीने आठ दाबला. टॅबने 'टिंग' केलं, तशी हंसा वळली. पडद्यावरचा आठ तिने पाहिला. इतके गुरुवार तो तिच्यासमोर येत होता आणि ती त्याला पाच करून घरी पाठवत होती. "चल, पाय लांब कर," म्हणाली आणि चटईवर बसली. पालखीचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

त्याला दोन महिने झाले. जिवली आता आठवड्यातले चार दिवस शाळेत जाते. कुंभवलीचा आलेख मनोरपेक्षा वाईट दिसतो आणि डॉक्टर तो बैठकीत न लपवता दाखवतात. टाळ्या पडत नाहीत. गेल्या गुरुवारी जिवलीने सात दाबला. तो तिने कुणाच्या सांगण्यावरून दाबला नव्हता, त्यामुळे तो खरा धरायला हरकत नाही, असं हर्षितचं मत आहे.

बुधवारी खुर्ची फुल्यांवर बसल्यावर हंसाने ती एकदा हलवून पाहिली, चटई झटकली आणि टॅब चार्जिंगला लावला. उद्या गुरुवार. खोली साडेनऊला उघडते, यादीत पहिलं नाव जिवलीचं आहे, आणि तिने आकडा दाबेपर्यंत हंसा खिडकीकडे तोंड करून बसलेली असेल.