फाइल थळला आहे

आमच्या ऑफिसातले किस्से लिहून ठेवा, असं सगळे म्हणतात. ठेवले असते हो, पण सेव्ह केलेलं परत सापडायला नको?

तळा गावात आमचं जमीन मोजणीचं खासगी ऑफिस. सर, म्हात्रेकाका आणि मी. सगळे नकाशे आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, गावाच्या नावाच्या फोल्डरमध्ये. बाहेरच्या टेबलावरून तिथं पोचायचं ते नेटवर्कनं, आणि तिथंच माझं डोकं फिरतं. ओपन म्हटलं की प्रत्येक प्रोग्रॅमची खिडकी वेगळी. एकाला आतली खोली दिसते, दुसऱ्याला पत्ता टाइप करून द्यावा लागतो, तिसरा नुसतं चक्र फिरवतो. काकांनी स्क्रीनवर चिठ्ठीच चिकटवली: "नकाशा – दिसेल. पत्र – टाइप करा. फोटो – चहा घ्या."

*

एकदा त्या खिडकीनं पासवर्ड मागितला. आम्ही काहीही दाबलं तरी तिथं चांदण्याच उमटतात, हे काकांनी हेरून ठेवलं होतं. त्यांनी मन लावून आठ चांदण्या टाइप केल्या. वर मलाच विचारलं, "तुझ्या चांदण्या चालतात, माझ्या का न्हाय?"

*

सरांनी फोनवर एक नकाशा कुठे आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, थळला. सर बाइक काढून थेट थळला! दोन तासांनी फोन आला, "इथं कोणाकडे आहे?"

"फोल्डरमध्ये, सर. आतल्या खोलीत."

एकटीनं बोलणी खायला नकोत म्हणून ते परत येईपर्यंत मी काकांना घरी जाऊ दिलं नाही.

*

दिवेआगरच्या वत्सलाकाकू आल्या तेव्हा मात्र गंमत नव्हती. वादळात त्यांच्या वाडीच्या हद्दीवरच्या पोफळी आडव्या झाल्या, घरातले कागद भिजून गेले. आता शेजारी स्वतःच्या मनानं कुंपण घालत होता. आमच्याकडचा जुना नकाशा एवढाच काकूंचा आधार, आणि दुपारची एसटी गाठायची होती.

दिवेआगरच्या फोल्डरमध्ये नकाशा नाही. दुसऱ्या प्रोग्रॅममधून पाहिलं, तिसऱ्यातून पाहिलं. चक्र फिरतंय, काकू घड्याळाकडे बघतायत, मी नखं खातेय.

मग आठवलं. सेव्हची खिडकी मागच्या कामाची जागा धरून बसते, आणि काका न बघता ओके दाबतात. काकूंचा नकाशा सेव्ह केला, त्याआधीचं काम थळचं होतं.

"सापडली!" मी ओरडले. "काकू, तुमची वाडी थळला गेलीये."

काकूंनी प्रिंटची नीट घडी घातली, पिशवीत ठेवली.

"वादळानं झाडं नेली ती बघितली. वाडी थळला नेली, ते आज कळलं. शेजाऱ्याला सांगते, कुंपण तिकडेच घाल."