पवनचक्क्या बघायला निघालो, नाल्यापाशी अडकलो

आठवड्यातली एकुलती एक सुट्टी पवनचक्क्यांवर घालवायचा हट्ट माझाच. बायको सुनीता म्हणत होती, "त्यापेक्षा औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाऊ." ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

नांदेडहून सातला बाइक काढली. अर्धापूरमार्गे तासाभरात डोंगरकडा. चहा-भजी इथंच उरकून घ्या, पाणीही भरून घ्या. पुढं काही मिळत नाही. डांबरी रस्ता सोडून माळाकडं वळलं की खड्डेच खड्डे.

अशाच एका वळणावर, नाल्यापाशी, पवनचक्कीचं पातं नेणारा लांबलचक ट्रेलर अडकला होता; बाइक काढायलाही जागा नव्हती. शेजारच्या मोकळ्या रानातून काढावा, तर त्याची मालकीण गयाबाई बांधावर ठाण मांडून बसलेली.

"आधी ह्या नाल्यात पाइप टाका," ती पवनचक्कीवाल्यांच्या साइट इंजिनिअरला सांगत होती. "पावसाळ्यात नाला भरला की लेकरं शाळेत जात न्हाईत."

"आजी, काम संपलं की टाकतोच."

"काम संपल्यावर तुमी कुठं अन् आमी कुठं!"

तास गेला. डोकं तापलं. मीच मध्ये पडलो. "आजी, जाऊ द्या की. सगळ्यांना उगाच तकलीफ."

"तुला काहून घाई? तू तर फोटो काढून जाशील."

सुनीता चक्क हसली. मी गाडीपाशी जाऊन धुमसत बसलो.

इंजिनिअरनं फोनवर आवाज चढवला, मग उतरवला. माळावरचा जेसीबी आला, सिमेंटचे पाइप आले, मुरूम पडला. दोन वाजले. तेव्हा कुठं गयाबाई उठली आणि ट्रेलरला वाट दिली.

वर पोचलो तर वारा पडलेला. एकही पवनचक्की हलेना!

"सकाळी कसल्या फिरत होत्या," राखणदार म्हणाला. मी दात-ओठ खाल्ले. तो मात्र खुशीत होता. आधी ऊसतोडीला जायचा, आता दुपारी घरी जेवतो. "धूर न्हाई, राख न्हाई. बुडाची जागा सोडली तर रानंबी चालूच हायेत," म्हणाला. पवनचक्क्यांखाली शेळ्या चरत होत्या.

पाठदुखी घेऊन घरी आलो. महिनाभर मित्रांना रस्त्याच्या आणि गयाबाईच्या नावानं बोटं मोडून दाखवली.

जुलैत सुनीतानं गयाबाईला स्पीकरवर फोन लावला. त्या दिवशी तिनं गयाबाईचा नंबर घेतला होता, हेही मला तेव्हाच कळलं.

"नाला भरून वाहून राहिला," गयाबाई सांगत होती. "पाणी खालून गेलं अन् लेकरं वरून. समदी शाळेत हायेत."

सुनीतानं माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशी गयाबाईनं माझं ऐकलं असतं तर? अजून टोचतं.