संपादकांचं पोट

डावा हात कानावर ठेवायचा, एक आवंढा गिळायचा आणि मग ओरडायचं, "आली, आली, ताजी बातमी आली!" ही मावशीची रीत. श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर मी कंट्रोलर होतो. भोंग्यावरून गाड्या पुकारायचो, तरी मावशीच्या आवाजापुढे माझं काही चालत नसे.

मावशी गावातलं साप्ताहिक विकायची. तिला अक्षरओळख नव्हती. सकाळी तिची पोर अंक वाचून दाखवायची आणि त्यातलं चटकदार तेवढं ती ओरडायची. खपायचं ते शेवटचं पान. तिथे संपादक स्वतः बायकांची मापं काढायचे. कधी नाक, कधी दंड, कधी कंबर. बहात्तरच्या दुष्काळात बायका खडी फोडून वाळत होत्या, तेव्हा या गृहस्थांनी लिहिलं, 'यंदा सडपातळ बांध्याची फॅशन! जाड मुलींनो, सावध!' मावशीनं तेच ओरडून अंक संपवले.

पोर अंगानं भरलेली होती. ती अर्ध्या भाकरीवरून उठू लागली. मावशीला वाटलं, आईसाठी ठेवते. "लई मायाळू हाय ओ माजी पोर," असं मला कौतुकानं सांगायची. एक दिवस पोर पाण्याच्या रांगेत कोसळली. दवाखान्यात जीव वाचला, पण काळीज कायमचं दुबळं झालं.

पुढच्या वर्षी त्याच पानावर आलं, 'सडपातळ जुनं झालं! आता भरल्या अंगाचा जमाना!' पोरीनं तेवढं वाचलं आणि अंक खाली ठेवला. अर्धी भाकर कशापायी उरत होती, ते मावशीला तेव्हा उमगलं.

त्या दिवशी मावशी स्टँडवर आली. समोरून संपादक येत होते. तिचा हात कानावर गेला. "आली, आली! संपादकाचं पोट फॅशनमधनं गेलं ओ! बगा, पोट म्होरं चाललंय, मालक मागनं येतोय!" सगळा स्टँड हसला. मीही हसलो, पोटभर.

संपादकांनी तिचे अंक बंद केले. ती शेंगा विकू लागली. आरोळी तीच राहिली. शेवटी ते माझ्या खिडकीशी आले. "हिला हाकला हो. मी ते पान बंद केलंय. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

"तोंड कोन बगतंय?" मावशी मागून म्हणाली. "समदी पोटच बगत्यात."

"मावशी, पान बंद झालं म्हणतात," मी म्हणालो.

"बरं झालं. माजी पोर दोन पायऱ्या चढली की धापा टाकती. तिची धाप बंद झाली की मीबी बंद करते."

मी भोंग्याचा माइक खिडकीत चालू ठेवून चहाला निघून गेलो. मुद्दामच. त्या दिवशी आरोळी पार बाजारपेठेपर्यंत गेली. वरिष्ठांनी झापलं, ते मी आनंदानं ऐकून घेतलं.

दोन वर्षांनी पोरीची धाप बंद झाली. तिला पोचवल्यावर मावशी पुन्हा स्टँडवर आली नाही.

संपादक मात्र यायचे. पोट आत ओढून, पुढे छत्री आडवी धरून. मला त्यांची दया कधी आली नाही. ते दिसले की मी खिडकीत उभा राहायचो, त्यांची नजर वर येईपर्यंत थांबायचो आणि डावा हात कानावर ठेवायचो.