धाकट्याविना पेटलेला होम

महाडला एसटीतून उतरले तेव्हा अंगात नुसता उत्साह सळसळत होता. मी शाळेत इतिहास शिकवते. या डोंगरांतल्या एका जुन्या राज्याचे दोन राजपुत्रांत दोन तुकडे का झाले, याचं पुस्तकांत न सापडलेलं उत्तर पोलादपूरपुढच्या एका वाडीत सांगतात, असं कळलं होतं. स्टँडवर घाईघाईत वडापाव खाल्ला, जीभ पोळली आणि पोलादपूरची गाडी पळत पकडली.

पुढे आंबेनळीच्या रस्त्याला जीप वळणं घेऊ लागली, तशी माझी बडबड बंद पडली. वडा वर यायच्या बेतात होता.

या वाडीत शिमग्याचा होम (होळी) सकाळी पेटतो. लाकडं रचून झाली होती, ढोल घुमत होता. वरच्या वाडीचे मानकरी भिकूदादा हातात चूड (पेटवायची गवताची जुडी) घेऊन उभे होते. मला कुठला धीर, राज्य का तुटलं ते तिथेच विचारलं.

“थोरल्यानं धाकल्याची वाट बघितली नाय,” दादा म्हणाले. “होम पेटवला. धाकला घाट चढून आला, तं राख. त्यानं वढ्यापल्याड आपला होम केला. झाली दोन राज्यं.”

“एवढ्यावरून?”

“मान गेला ना, बाय.”

म्हणून आजही दोन्ही वाड्यांचे मानकरी आल्याशिवाय होम पेटत नाही. खालच्या वाडीचा मानकरी म्हणजे दादांचाच धाकटा भाऊ महादू. जमिनीच्या वाटणीपासून दोघं बोलत नाहीत. महादू महाडच्या औद्योगिक वसाहतीत रातपाळीला गेला होता, तो अजून परतला नव्हता. ऊन चढलं, ढोलवाले खाली बसले.

“पेटव रे आता,” दादांचा चुलतभाऊ वैतागला. “तो तुझा तोंड बघत नाय, त्याच्यासाठी कशाला थांबतोस?”

चार जणांनी माना डोलावल्या. दादा चूड हातात फिरवत राहिले. राज्य माझ्यासमोर पुन्हा तुटणार होतं.

“थांबतो,” दादा म्हणाले.

शेवटी मोटारसायकलचा आवाज आला. महादू कंपनीच्या कपड्यांतच उतरला. लाकडांकडे न बघताच त्याने विचारलं, “पेटवलास?”

“नाय. तुझ्याबिगर कसा पेटवू?”

महादूने हेल्मेट जमिनीवर ठेवलं आणि भावाच्या हातातली चूड दुसऱ्या बाजूने धरली. ढोल असा काही सुरू झाला की मी भर चौकात नाचले!

दुपारी घाट उतरताना ठरवलं, वर्गात आता हेच सांगायचं. वर थोरला आपल्यासाठी थांबला असता, तर तो धाकटा राजपुत्रही ओढा ओलांडून गेला नसता.