हातात काही नसलेला कारकून

साखर कारखान्याच्या गट ऑफिसातल्या कारकुनाने मुलीच्या जर्मनच्या शिकवणीतून एक शब्द उचललाय. ओनमाख्ट, म्हणजे आपल्या हातात काहीच नसणं. ऊसतोडीला टोळी मागायला कुणीही आलं, की तो शब्द म्हणतो आणि दोन्ही तळवे उघडून दाखवतो.

काल मी त्या ऑफिसात बसलो होतो, तेव्हा माझ्या बांधाशेजारच्या पारूबाई आल्या. "दादा, माझा तोडीचा नंबर कवाच येऊन गेला. उसाला तुरा आलाय, वाळून चाललाय."

"मावशी, ओनमाख्ट!"

तेवढ्यात संचालकांचा फोन आला. कारकून खुर्चीतून उठून उभाच राहिला. टोळी लगेच संचालकांच्या मळ्याकडे निघाली.

"सर, तुमचा ऊस वाटंवरच हाय, तोबी घेतो," तो मला म्हणाला.

मी नको म्हणालो नाही. पारूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना दोन्ही तळवे उघडून दाखवले.