आतोबांचं साथीचं तिकीट

आमचे आतोबा बसायचे नाहीत. लग्नघरी, कुणाच्या बैठकीत, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, कुठंही गेले तरी दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभे. "बसा हो," म्हटलं की म्हणायचे, "सवारी उभी आहे तोवर कंडक्टर उभा." सवारी म्हणजे आमच्या माळव्यात बसमधला उतारू. खोलीत एक जरी माणूस उभा असला, तरी आतोबांना खुर्ची टोचायची. आणि घरात आत्या सदा ओट्यापाशी उभी, त्यामुळे या माणसाला बसायला जन्मात सवड मिळाली नाही, असं मी त्यांना चिडवायची.

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. हा शब्द पुण्यामुंबईकडं फारसा कुणी वापरत नाही म्हणतात. आमच्या धार-देवासच्या मराठी घरांत मात्र तो अजून टिकून आहे. आम्ही अर्धं हिंदी बोलतो, मुलांना मराठी धड वाचता येत नाही, पण नाती जुन्या मराठीतच चालतात. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, धारची. माहेरचं नाव चंद्रकला, म्हणून आमची ती चंदाआत्या. लग्नात आतोबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहिलं, मालती, आणि ती देवासला मालती झाली. आमच्यात प्रत्येक सुनेचं असंच होत आलंय. माझंही झालं. दोन नावांत आपण दोन गावांत राहतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आतोबा सरकारी बसमध्ये कंडक्टर होते. देवास-इंदूर-धार ही त्यांची खरी लाईन. मधली काही वर्षं बदनावरची गाडी, काही वर्षं नालछावरून मांडूची. पुढं सरकारी बसच बंद झाल्या आणि ते घरी आले. कंडक्टरी मात्र अंगातून गेली नाही. नोट उभी दुमडून बोटांच्या बेचक्यात धरायची, बोलताना समोरच्या टेबलावर किल्ली टकटक वाजवायची. घरी आलेल्यानं शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली, की लगेच यायचं, "सीट सवारीची, सामान मांडीवर." मी लहानपणी मुद्दाम दप्तर खुर्चीवर ठेवायची. ते दर वेळी तितक्याच गंभीरपणे ते उचलून माझ्या मांडीवर द्यायचे.

आत्याला माहेरी यायचं असलं की ती त्यांच्याच गाडीनं यायची. ड्रायव्हरच्या मागची खिडकी तिची ठरलेली. शेजारच्या जागेवर दर वेळी कुणीतरी अनोळखी बाई. आतोबा मागून पुढं तिकिटं फाडत यायचे, आत्यापाशी आले की तिलाही तिकीट द्यायचे, पैसे घ्यायचे आणि पुढं जायचे. पुढं चाळीस वर्षांनी आमच्या अंगणात गहू निवडत बसलेल्या बायकांत आत्या सहज बोलून गेली, की लोकांच्या बायका नवऱ्याबरोबर जातात, मी नवऱ्याच्या गाडीनं जाते. सगळ्या हसल्या. आतोबा दारात उभे होते, ते हसले नाहीत. त्या दिवशी ते जेवलेही कमी.

हे सगळं त्यांच्या मनात किती खोल गेलं, ते मला कळलं ते दोन-अडीच वर्षांपूर्वी. माझं धारला बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरण्याचं छोटं दुकान आहे. एके दुपारी आतोबा देवासहून आले आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे राहिले. पुढं या म्हटलं तर येईनात. नंबर आल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून एक नवंकोरं क्रेडिट कार्ड काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. बँकेत ठेव ठेवली की तिच्या जोरावर म्हाताऱ्यालाही कार्ड मिळतं, हे त्यांना तिथल्या पोरानं सांगितलं होतं. हे कार्ड एका विमान कंपनीशी जोडलेलं होतं. वर्षभरात त्यावरून ठरलेली खरेदी झाली, की आपण एक तिकीट काढायचं आणि दुसरं, सोबत येणाऱ्याचं, कंपनी देणार. वरचे कर तेवढे आपण भरायचे. आतोबा त्याला साथीचं तिकीट म्हणत.

मी विचारलं, कुठं जायचंय? त्याचा त्यांनी विचारच केला नव्हता. इंदूरहून जिथं नेतील तिथं, म्हणाले. मग पुढं वाकून बोलले, "बेटा, एक-दीड तास तिच्या शेजारी बसायचंय. विमानात मला कोण उठवणार?"

मला गंमत वाटली. फोनवर मी त्यांची नोंदणी सुरू केली. साथीदाराचं नाव सुरुवातीलाच द्यायचं होतं आणि ते वर्षभर बदलता येणार नव्हतं. तशी सूचना तिथं लिहिलेलीच होती, मी त्यांना वाचूनही दाखवली. त्यांनी मान हलवली, किल्ली दोनदा वाजवली आणि म्हणाले, "मालती लिही. बदलून जायची कुठं ती?" मी लिहिलं.

त्यानंतरचं वर्ष त्यांच्या कॉलनीनं पाहिलं. वापरायला त्यांच्याकडं होतं काय? दोन माणसांचा किराणा आणि गुडघ्याची गोळी. तेवढ्यानं कोण तिकीट देतं? म्हणून ते लोकांची बिलं भरू लागले. जुनी चामड्याची कंडक्टरची पिशवी गळ्यात अडकवून सकाळी गल्लीच्या एका टोकाला सुरुवात करायचे, "चलो भिया, बिजली का बिल, गैस का बिल, किसका बाकी है?" लोक रोकड द्यायचे, आतोबा कार्डावरून बिल भरायचे आणि ती रोकड त्याच दिवशी बँकेत टाकून यायचे. दुसऱ्याचा पैसा रात्रभर घरात ठेवायचा नाही, ही नोकरीतली सवय. नालछाच्या पुतण्याच्या लग्नाचा किराणाही त्यांच्याच कार्डावर झाला. लोक हसायचे, पॉइंटवाले काका म्हणायचे. आत्या वैतागायची, या वयात दारोदार काय फिरता म्हणून. तिला त्यांनी कारण सांगितलं नव्हतं. मलाही शपथ घातली होती.

तिकीट मिळालं तेव्हा त्यांनी पुणं निवडलं. पुण्याला काय आहे, तर काही नाही. उतरायचं, स्टँडवर चहा प्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. आत्याला आदल्या दिवशी सांगितलं. तिनं आधी त्यांना वेड्यात काढलं, मग कपाट उघडून पैठणी काढली आणि नंतर बराच वेळ देवघरापुढं बसून राहिली.

मी त्यांना सोडायला इंदूरला गेले. दहाचं विमान होतं. विमानतळाच्या दाराशी जवानानं आतोबांचं आधार पाहिलं, फोनवरचं तिकीट पाहिलं, त्यांना पुढं जायला सांगितलं. मग आत्याचं आधार हातात घेतलं. एकदा कार्डाकडं, एकदा फोनकडं असं दोन-तीन वेळा पाहून तो अदबीनं म्हणाला, "माताजी, टिकट तो मालती के नाम से है. आप तो चंद्रकला हैं."

आत्या माहेरी आठवी पास झाली होती. त्या दाखल्यावर पुढं तिला अंगणवाडीत काम मिळालं आणि त्यावरूनच तिचं आधार झालं. सरकारच्या दप्तरी ती मालती कधी झालीच नव्हती. आणि मी काय केलं होतं? दिवसभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी बजावते, नाव आधारवर असेल तेच सांगा, घरचं नाव सांगू नका. जन्मभर जिला चंदाआत्या म्हणून हाक मारत आले, तिचं आधार मात्र मी मागितलंच नाही. त्यांनी मालती म्हटलं आणि माझी बोटं चालली. तिथं त्या दारात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजही त्या जवानाचा आवाज आठवला की काम सुचत नाही.

कंपनीच्या खिडकीवरची मुलगी भली होती. तिनं दोन ठिकाणी फोन केले. पण साथीदाराचं नाव बदलत नाही म्हणजे नाही, आणि विमान भरलेलं, त्यामुळे पैसे देऊनही नवं तिकीट नाही. आतोबांचं स्वतःचं तिकीट ठीक आहे, ते जाऊ शकतात, असं तिनं सांगितलं. आतोबा तिला हात जोडून म्हणाले, "मग माझीही सीट दुसऱ्या सवारीला द्या."

आम्ही देवासच्या बसमध्ये चढलो. आतोबांनी तीन तिकिटं घेतली, आत्याला खिडकीशी बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसले. मी मागच्या सीटवर. मी रडत होते आणि दोघंही माझ्याकडं वळून बघत नव्हते, ते माझ्यासाठीच. प्रत्येक थांब्याला गाडी हळू झाली, की आतोबा सवयीनं अर्धवट उठायचे, आणि आत्या त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवायची. मांगलियापर्यंत हेच चाललं. पुढं ते उठेनासे झाले, पण आत्यानं बाही सोडली नाही.

शिप्रेचा पूल ओलांडल्यावर ते तिला म्हणाले, "तुझं नाव मी बदललं. तुला विचारलं नव्हतं."

"कोण विचारतं?" आत्या म्हणाली.

"आता विचारतो."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. देवासची टेकडी दिसू लागली तेव्हा म्हणाली, "चंदा म्हणा."

आणि त्यांनी ते पाळलं. सत्तरी ओलांडलेला माणूस गल्लीतून "चंदा, पिशवी दे," अशी हाक मारतो, याची कॉलनीला सवय व्हायला बरेच दिवस लागले. मला त्यांनी एका शब्दानं दोष दिला नाही. मी माफी मागायला गेले तर म्हणाले, "नाव मी बदललं बेटा. तू फक्त लिहिलंस." नवं वर्ष सुरू झाल्यावर ते पुन्हा धारला आले, पुन्हा रांगेत उभे राहिले. या खेपेस आत्याचं आधार सोबत होतं. त्यांनी माझ्याकडून एकेक अक्षर मोठ्यानं म्हणवून घेतलं, मगच नोंदणी करू दिली. पुन्हा चामड्याची पिशवी गळ्यात आली, पुन्हा बिलं. आता आत्याही दारात उभी राहून शेजारणींना आठवण करायची, की विजेचं आलं असेल तर यांच्याकडं द्या.

माघात त्यांना धाप लागू लागली. दवाखान्यात पडून होते तेव्हा आत्या खाटेशी उभी राहिली की चिडायचे. खाटेच्या कडेला हात थोपटून म्हणायचे, "बस इथं. उभी राहू नकोस." ती बसायची तेव्हा कुठं डोळे मिटायचे. होळीच्या आधी चार दिवस ते गेले. आत्या तेव्हाही त्यांच्या शेजारी बसलेलीच होती.

खरेदी त्यांनी पुरी केली होती. साथीचं तिकीट कार्डावर जमा होतं, साथीदार म्हणून चंद्रकला हे नावही होतं, सगळं आधारप्रमाणं. पण कार्डवालाच नाही म्हटल्यावर त्या तिकिटाला अर्थ राहिला नाही. कार्ड बंद करण्याचा अर्ज मीच भरला. अर्जदाराचं नाव लिहिताना मी आत्याचं आधार समोर ठेवलं आणि चार वेळा ताडून पाहिलं. या वेळी माझी चूक झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं, असं काहीतरी वेडं माझ्या मनात आलं.

सव्वा महिन्यानंतर मी आत्याला काही दिवस माहेरी न्यायला गेले. देवास-धारच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि मला म्हणाली, तू मागं बस. मला वाटलं, तिला जरा आडवं व्हायचं असेल. तिनं मोठी पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली. मी दचकलेच. त्या घरात सीटवर पिशवी मी कधी पाहिली नव्हती. तरुण कंडक्टर आला, तेव्हा आत्यानं नोट उभी दुमडून पुढं केली आणि म्हणाली, "धार. तीन." तो म्हणाला, माँजी, तुम्ही तर दोघीच आहात. आत्या पुन्हा म्हणाली, "तीन दे भिया." त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यानं तीन तिकिटं दिली.

इंदूर आलं, गाडी रिकामी होऊन पुन्हा भरली. दोघा-तिघांनी जागा मागितली, आत्यानं पिशवीवर हात ठेवून मान हलवली. बेटमा गेलं. घाटाबिल्लोदला एक बाई चढली, कडेवर मूल, हातात गाठोडं. बसायला जागा नव्हती. ती आत्याच्याच सीटच्या दांडीला धरून उभी राहिली आणि गाडीच्या प्रत्येक हिसक्याला हेलपाटू लागली. आत्या थोडा वेळ समोर बघत राहिली. मग तिनं दोन्ही हातांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

बाई बसली आणि कंडक्टर तिकिटाला आल्यावर कमरेची चंची सोडू लागली. आत्यानं तिचा हात धरला आणि मुठीतल्या तीन तिकिटांतलं एक तिच्या हातावर ठेवलं. "रहने दे बाई," ती म्हणाली, "तेरा टिकट निकला हुआ है."