अर्धीच प्रार्थना

रुबिएलाला गावात कुणी कधी नावं ठेवली नाहीत, पण लग्नाचंही कुणी विचारलं नाही. तसं एकाने विचारलं होतं, डेअरीतल्या लिबार्दोने. दुसऱ्याच दिवशी त्याच्या आईने चर्चबाहेर चार बायकांत ऐकवलं, "पोरगी गुणाची आहे हो, पण ते रक्त घरात कशाला आणायचं? चाळिशी आली की खूळ लागतं त्यांना!" आता यात खोटं तरी काय होतं? डोंगरातल्या त्या गावात या दुखण्याला बोबेरा म्हणतात, म्हणजे खुळेपणच. रुबिएलाची आई एदेल्मिरा ऐन चाळिशीत तव्यावर आरेपा, म्हणजे मक्याची भाकरी, टाकून विसरायला लागली आणि पन्नाशीत गेली. तिच्यामागोमाग मावशी. दोघींचं हगणं-मुतणं काढलं ते रुबिएलाने. पहाटे मक्याच्या आरेपा भाजून विकायच्या आणि उरलेला दिवस कुणाची तरी पाठ पुसायची, यातच तिची स्वतःची चाळिशी उलटली.

मग पाळी आली थोरल्या भावाची. गिल्डार्दो दुधाचा ट्रक चालवायचा. घाटातली वळणं त्याला तोंडपाठ. एका सकाळी तो रोजच्या फाट्यावर ट्रक बंद करून बसला आणि मागून आलेल्या माणसाला म्हणाला, "बाबा रे, आमच्या घराकडे कुठला रस्ता जातो?" तो माणूस खो खो हसला. त्याला वाटलं, गिल्डार्दो थट्टा करतोय. गिल्डार्दोला मात्र हसू आलं नाही. आईचं सगळं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

शुद्ध होती तेव्हाच त्याने मेदेयीन शहरातल्या इस्पितळात चाललेल्या अभ्यासात नाव घातलं. तिथे अशा घराण्यांतल्या माणसांच्या मेंदूचा एमआरआय ठरावीक वर्षांनी काढतात. "एका फोटोवरून फारसं कळत नाही," डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. "एकाच माणसाचे तीन फोटो शेजारी ठेवले की कुठला भाग किती झपाट्याने आक्रसतोय ते दिसतं. पुढच्यांना औषध कधी द्यायचं, ते त्यावरून ठरवता येईल."

पुढच्यांना म्हणजे युरानीला. गिल्डार्दोची एकुलती एक पोर, नुकतीच नर्सिंग शिकायला लागलेली. दुसरा फोटो झाला त्या दिवशी बसमध्ये त्याने बहिणीचा हात धरला. "पुढच्या वेळी मी ओरडेन. तुला शिव्या देईन, चावेनसुद्धा. तरी मला इथे आणायचं. तिसरा फोटो निघालाच पाहिजे. शब्द दे."

"दिला, दादा."

अभ्यासासाठी रक्त तिचंही घेतलं होतं, पण ते दुखणं आपल्यातही आहे का, हे तिने कधी विचारलं नाही. विचारल्याशिवाय डॉक्टरही सांगत नसत. पण पिठात मीठ टाकलं की नाही हे ती अलीकडे दोनदा चाखून बघायची, आणि चाखताना कुणी बघत नाही ना, हेही बघायची.

तिसऱ्या फोटोचा दिवस उजाडला तेव्हा गिल्डार्दोला तिचं नावही आठवत नव्हतं. कित्येक महिने झाले, तो तिला कुठल्याच नावाने हाक मारत नव्हता. केळीच्या पानात भात, घेवडा अन् डुकराचं मांस बांधून घेऊन ती त्याला बसने इस्पितळात घेऊन आली. यंत्र चालवणारा विल्मार ओळखीचा होता, गोड पोरगा. त्याने गिल्डार्दोच्या गळ्यातलं मरियामातेचं पदक काढून तिच्या हातात दिलं. "ताई, कार्मेनच्या मातेला तेवढं बाहेर बसवा. आत धातू चालत नाही."

पण गिल्डार्दोला यंत्राच्या त्या भोकात सरकवलं मात्र, आणि त्याने आकांत मांडला. "पेटीत घालू नका रे मला! मेलो नाही मी अजून!"

"भुलीचं इंजेक्शन देता येत नाही का?" रुबिएलाने विचारलं.

"या अभ्यासात नाही देत, ताई. तुम्हीच बोला त्यांच्याशी. त्यांच्या कानावर हेडफोन आहेत." विल्मारने काचेच्या अलीकडचा माइक तिच्यापुढे सरकवला.

बोलायचं तरी काय? तिला एकच सुचलं. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी जपमाळ व्हायची. आई पहिला अर्धा भाग म्हणायची, उरलेला पोरांनी म्हणायचा. रुबिएलाने सुरुवात केली, "नमो मरिये, कृपापूर्णे..." आणि काय सांगावं, गिल्डार्दो लोण्यासारखा मऊ पडला. यंत्राची ठणठण सुरू झाली. पहिला भाग संपवत ती "येशू" म्हणाली आणि त्या ठणठणाटातूनही आतून त्याचा खणखणीत आवाज आला, "पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हां पाप्यांसाठी, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी..."

"अरेरे!" विल्मारने कपाळाला हात लावला. "तोंड हललं की डोकं हलतं, ताई. बघा, नुसतं धुकं आलंय."

"दादा, उत्तर देऊ नकोस!" ती माइकवर ओरडली.

"असं कसं?" तो आतून म्हणाला. "उत्तर दिलं नाही तर प्रार्थना अर्धीच राहते."

चुकलं कुणाचं? त्या घरात वाढलेल्या कुणालाही पहिला भाग ऐकून गप्प राहता आलं नसतं. विल्मार हळूच म्हणाला, "बाहेर पुढचा पेशंट बसलाय. आणखी एकदाच बघू. नाही जमलं तर... पुढच्या वेळेपर्यंत यांना आडवं तरी करता येईल का, सांगता येत नाही."

रुबिएलाला रागच आला. देवाचा, यंत्राचा, स्वतःचा. एवढ्यासाठी शब्द दिला होता? माइकवर हात ठेवून ती बसून राहिली. बसल्या बसल्या तिला आईची शेवटची वर्षं आठवली. तेव्हाही जपमाळ आईच सांगायची, पण "धन्य तुझ्या उदराचे फळ" इथपर्यंत यायची आणि पुढचा "येशू" हा शब्द हरवला की पुन्हा "नमो मरिये"वर जायची. पुन्हा तिथपर्यंत, पुन्हा मागे. धाकटी पोरं खुदखुदायची. गिल्डार्दो त्यांच्याकडे असा काही डोळे वटारून बघायचा की सगळी चिडीचूप. आईला शब्द सापडेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही.

"चालू कर," ती विल्मारला म्हणाली.

"नमो मरिये, कृपापूर्णे, प्रभू तुजबरोबर आहे. स्त्रियांमध्ये तू धन्य, आणि धन्य तुझ्या उदराचे फळ... नमो मरिये, कृपापूर्णे..."

आत गिल्डार्दो गप्प. ठणठण चालू. ती पुन्हा त्याच शब्दापाशी आली आणि मागे वळली. आवाज कधी आईसारखा खालच्या पट्टीत गेला, तिला कळलं नाही. पाचसात फेऱ्या झाल्यावर तिच्या अंगावर काटाच आला. मेलं हे सोंग इतकं सोपं कसं जातंय मला? जीभ आपली आपणच वळत होती, जणू रोजचीच वाट. तिला थांबावंसं वाटलं, उठून पळावंसं वाटलं. पण दिलेला शब्द होता आणि या फोटोवर युरानीचं पुढचं अवलंबून होतं. ती म्हणत राहिली.

ठणठण थांबली. विल्मारने पडद्याकडे बोट केलं. फोटो स्वच्छ होता. सुकलेल्या अक्रोडासारखा तो दादाचा मेंदू बघून तिला आधी आनंद झाला आणि मग त्या आनंदाची शरम वाटली.

"निघाला, ताई! जा आत."

गिल्डार्दोला बाहेर सरकवलं होतं. डोक्याभोवतीची जाळी काढली तरी तो तसाच ताठ पडून होता. "झालं, दादा, ऊठ," असं म्हणायला ती वाकली.

त्याने हात उचलून तिच्या गालावर ठेवला. "सावकाश म्हण, आई," तो म्हणाला. "घाई नाही. आम्ही सगळे आहोत इथे."

रुबिएलाने तोंड उघडलं. तो एकच शब्द म्हणायचा होता. रडू आलं म्हणून तो अडला की खरंच सापडेना, ते तिचं तिलाही कळलं नाही. गिल्डार्दो तिच्याकडे बघत, मान जराही न हलवता, थांबून राहिला.